माळाचा हिरवा आलेख

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा-सांगलीकडचे दुष्काळी तालुके, या पट्ट्यातल्या माळरानाचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. मेअखेरीला सगळा माळ मुरमाच्या रंगाचा. दोन-तीन पाऊस नीट पडले की आठवडाभरात हिरवे कोंब वर येतात. पोळ्याच्या सुमारास कुसळी, शेडा, पवन्या, मारवेल गुडघ्याला लागतात. दसऱ्याला गवत तुऱ्यावर येतं, दिवाळीत पिवळं पडतं आणि संक्रांतीला माळ पुन्हा भुरका होतो. फरक एवढाच, की आता त्यावर वाळलेलं गवत उभं असतं. धनगरांच्या कळपांचा प्रवासही याच वेळापत्रकावर बेतलेला आहे. दिवाळी झाली की वाडे कोकणाकडे निघायचे आणि पावसाच्या तोंडावर देशावर परत यायचे.

हे वेळापत्रक हवामानबदलाने सरकतंय का, आणि सरकत असेल तर किती, हे माळावर उभं राहून सांगता येत नाही. माणसाला गेल्या वर्षीचा पाऊस आठवतो, त्याच्या आदल्या वर्षीचा अंधूक आठवतो, आणि बाकी सगळं ‘पूर्वी असं नव्हतं’ या एका वाक्यात जमा होतं. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह मात्र प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात. ती नोंद वाचायची कशी, हा या लेखाचा विषय. आधीच सांगून टाकतो, त्यात हिरवा रंग वाढला म्हणजे माळाचं भलं झालं, असं बहुतेक वेळा नसतं.

या पद्धतीचा जन्मच मुळी गवताळ प्रदेशासाठी झाला. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने एक उपग्रह सोडला, ज्याला पुढे लँडसॅट-१ म्हणू लागले. (आपल्याकडे तो ७२चा दुष्काळ. म्हणजे अवकाशातली नोंदवही उघडली तेव्हा महाराष्ट्रातले माळ करपलेले होते.) टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले जॉन राउज आणि त्यांचे सहकारी या उपग्रहाच्या चित्रांवरून ग्रेट प्लेन्स या विस्तीर्ण गवताळ पट्ट्याचा अभ्यास करत होते. वसंतात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाणारी हिरवळीची लाट त्यांना मोजायची होती. अडचण अशी की दक्षिणेत सूर्य जास्त वर आणि उत्तरेत खाली, त्यामुळे सारखंच गवत असूनही दोन ठिकाणचे आकडे जुळेनात. यावर त्यांनी जे साधं गणित काढलं, ते पन्नास वर्षांनंतरही जगभर वापरलं जातं. त्याचं नाव एनडीव्हीआय.

हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, कारण प्रकाशसंश्लेषणासाठी त्याला तो हवा असतो. लाल रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश असतो, तो मात्र पानाच्या कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो मोठ्या प्रमाणात परत फेकतात. म्हणजे जिवंत पान लाल प्रकाशात काळपट दिसतं आणि अवरक्तात लख्ख. माती, खडक, मुरूम यांच्यात असा मोठा फरक पडत नाही. म्हणून अवरक्तातून लाल वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला दोघांच्या बेरजेने भागायचं. बेरजेने भागल्यामुळे सूर्य वर असो की खाली, एकूण उजेडाचा परिणाम बराचसा निघून जातो.

एक उदाहरण करून बघू. सप्टेंबरमधल्या भरगच्च गवतावर पडलेल्या लाल प्रकाशापैकी ८ टक्के परत आला आणि अवरक्तापैकी ३६ टक्के. वजाबाकी २८, बेरीज ४४, भागाकार सुमारे ०.६४. तोच माळ जानेवारीत: वाळलेल्या गवतावरून लाल २२ टक्के, अवरक्त ३० टक्के. वजाबाकी ८, बेरीज ५२, उत्तर ०.१५. आता शेजारचा उघडा मुरूम घ्या: लाल २०, अवरक्त २६. उत्तर ०.१३. आकडे उदाहरणादाखल घेतले असले तरी प्रत्यक्षातले साधारण असेच असतात. गवत हिरवं असताना फरक ढळढळीत आहे. पण वाळलेलं गवत आणि उघडा मुरूम यांच्यात फक्त ०.०२चा फरक उरला. ज्या वाळल्या चाऱ्यावर उन्हाळ्यापर्यंत गुरं काढायची, तो चारा या गणिताला जवळपास दिसतच नाही. याकडे पुन्हा येऊ.

आता उपग्रह किती बारीक पाहतो, तेही बघायला हवं. चित्र चौकोनांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच आकडा मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. अलीकडच्या लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. २००० सालापासून चित्रं पाठवणाऱ्या मोडिस या उपकरणाचा २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांहून थोडा अधिक. आणि १९८०च्या दशकात ज्या हवामान-उपग्रहांपासून जगाची सलग नोंद सुरू झाली, त्यांच्या दीर्घकालीन जागतिक संचात चौकोन आठ किलोमीटरचा होता. अख्खं गाव, ओढा, ऊस, गायरान आणि पाझर तलाव यांची मिळून एक सरासरी. ग्रेट प्लेन्सवर किंवा मंगोलियात हे चालून जातं, तिथे आठ किलोमीटर गवतच गवत असू शकतं. दख्खनमध्ये माळ तुकड्यातुकड्यांनी उरलेला आहे, मध्येच ज्वारीची पट्टी, मध्येच विहीर आणि डाळिंबाची बाग. त्यामुळे इथे चौकोन जितका मोठा, तितकी फसगत अधिक. उलट बाजूही आहे. बारीक पाहणारे उपग्रह नवे आहेत, जुनी आठवण ठेवणारे जाडेभरडे आहेत. हवामानबदलासाठी दोन्ही हवेत आणि दोन्ही एकाच उपग्रहात मिळत नाहीत.

दुसरी अडचण ढगांची. आपलं गवत नेमकं त्याच चार महिन्यांत वाढतं, ज्या चार महिन्यांत आभाळ भरलेलं असतं. लँडसॅटचा एक उपग्रह त्याच जागेवर १६ दिवसांनी येतो. जुलैमध्ये दोन्ही फेऱ्यांना ढग आले की महिना वाया गेला. मोडिससारखी उपकरणं जवळपास रोज येतात, म्हणून तिथे एक युक्ती चालते. ढग लाल आणि अवरक्त दोन्ही प्रकाश सारखेच परत फेकतो, म्हणजे ढगामुळे एनडीव्हीआय नेहमी खालीच येतो, वर कधी जात नाही. मग प्रत्येक चौकोनाचे सोळा दिवसांतले सगळे आकडे घ्यायचे आणि त्यांतला सर्वांत मोठा ठेवायचा. सामूहिक फोटो दहा वेळा काढून प्रत्येकाचा डोळे उघडे असलेला चेहरा निवडावा, तसंच हे. तरीही आषाढातल्या सततच्या ढगांत कधी सोळाच्या सोळा दिवस मिटलेले निघतात आणि मग आजूबाजूच्या तारखांवरून मधली रेघ ओढावी लागते. रडारला ढगांची अडचण नसते. सेंटिनेल-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार, हे दोन्ही रडारवाले. पण रडार हिरवेपणा मोजत नाही. तो ओलावा, खडबडीतपणा आणि खोडाफांद्यांची रचना मोजतो. त्याची साक्ष उपयोगी आहे, मात्र वेगळ्या गोष्टीची.

एवढं सगळं केल्यावर एका चौकोनाचा वर्षभराचा आलेख हातात येतो. माझ्या मते सगळी मजा इथून पुढे आहे.

शुद्ध माळरानाचा आलेख मे महिन्यात ०.१५च्या आसपास सपाट असतो. जूनअखेरीस तो उचलतो, सप्टेंबरमध्ये ०.६०च्या वर जाऊन टेकतो, ऑक्टोबरपासून उतरतो आणि जानेवारीपर्यंत पुन्हा जमिनीला लागतो. एकच टेकाड, तेही चढणीला तीव्र आणि उतरणीला जरा लांबट. रब्बी ज्वारीचं शेत पाहा: पावसाळ्यात ते बहुधा मोकळं असतं, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत आलेख खाली, मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टेकाड. उसाचा आलेख वर्षभर वरच तरंगतो आणि तोड झाली की कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. सुबाभूळ किंवा गिरिपुष्पाची लागवड असेल तर पावसाळ्यातलं टेकाड गवतापेक्षा फार उंच नसतं, पण डिसेंबर-जानेवारीत गवत बसलं तरी आलेख बसत नाही. एका दिवसाच्या चित्रात हे चारही हिरवे ठिपके सारखे दिसतील. बारा महिन्यांच्या आलेखात ते एकमेकांशी भांडतात.

याच आलेखातून तारखा काढता येतात. तळ ०.१५ आणि शिखर ०.६३ असेल तर चढण ०.४८ची. तिचा पाचवा हिस्सा चढून झाला, म्हणजे आकडा साधारण ०.२५च्या पुढे गेला, की त्या दिवशी हंगाम सुरू झाला असं मानायचं. हा पाचवा हिस्सा ठरवून घेतलेला आहे, कोणी चौथाही घेतो. पण एकदा घेतला की सगळ्या वर्षांना तोच लावायचा. उतरताना तीच पातळी ओलांडली की हंगाम संपला. मधल्या टेकाडाखालचं क्षेत्रफळ हे त्या वर्षी किती गवत तयार झालं याचं ढोबळ माप. म्हणजे हंगाम कधी सुरू झाला, कधी भरला, कधी संपला आणि किती पिकला, असे चार आकडे दरवर्षीचे मिळाले. हवामानबदलाबद्दलचा प्रत्येक प्रश्न आता या चार आकड्यांना विचारता येतो.

आणि विचारण्यासारखे प्रश्न आहेत. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला आणि राज्याच्या बऱ्याच भागात मे महिनाच पावसाळ्यासारखा गेला. गवताला पंचांग कळत नाही. ओल मिळाली की ते उगवतं, खंड पडला की माना टाकतं. जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली तर आलेखाच्या टेकाडाला मध्येच खळगा पडतो आणि दोन कुबडं तयार होतात. ऑक्टोबरचा पाऊस लांबला तर शेपूट लांबतं. वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहून तो मोजक्या धो-धो दिवसांत पडला तर उथळ मुरमावरून पाणी वाहून जातं आणि पावसाच्या आकड्यांत काहीही वावगं दिसत नसताना टेकाड बुटकं राहतं. हा शेवटचा प्रकार पर्जन्यमापकाला दिसत नाही. तो गवताला दिसतो आणि गवतामुळे उपग्रहाला.

पण आता सावध व्हायला हवं. या माळांवर वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एका वर्षीचा दुसऱ्या वर्षी कधीच तेवढा नसतो. गवत या चढउतारांमागे फरफटत जातं. सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला. महाराष्ट्रात २०१५ हे दुष्काळी वर्ष होतं, आणि २०१९ पासून २०२२ पर्यंतची चारही वर्षं चांगल्या पावसाची. या उपग्रहाची चित्रं घेऊन २०१५ ते २०२२ अशी सरळ रेघ ओढली तर दख्खनचे माळ वर्षागणिक हिरवे होताना दिसतील. गणितात एकही चूक नसेल आणि निष्कर्ष साफ चुकीचा असेल. रेघ दुष्काळात सुरू होऊन सुकाळात संपली, एवढंच तिने सांगितलं.

ही चूक जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा गवताळ पट्टा आहे, सेनेगलपासून सुदानपर्यंत. १९६८ पासून तिथे भीषण दुष्काळ पडले. १९७५ साली ह्यू लँप्री या पर्यावरणशास्त्रज्ञाने सुदानवरून विमानाने फिरून पाहणी केली, वनस्पतींच्या १९५८च्या नकाशाशी तिची तुलना केली आणि सांगितलं की वाळवंट सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकलं आहे. भागाकार करून वर्षाला साडेपाच किलोमीटर हा आकडा निघाला. वाळवंट चालून येतंय, हे चित्र इतकं ठसठशीत होतं की ते वर्षानुवर्षं भाषणांत आणि अहवालांत फिरत राहिलं. पण मोजणी दोनच वर्षांची होती, एक बऱ्या पावसाचं आणि एक दुष्काळानंतरचं.

नासाच्या गोडार्ड केंद्रातले कॉम्प्टन टकर यांनी या वादात हवामान-उपग्रह आणले. टकर गवतातूनच घडलेले. कोलोरॅडोतल्या पॉनी गवताळ प्रदेशात त्यांनी गवताचे छोटे तुकडे कापून, वजन करून, त्यांच्या लाल-अवरक्त मापांशी ताडून पाहिले होते. ढग पाहण्यासाठी बनवलेल्या उपग्रहांवर लाल आणि अवरक्त अशा दोन खिडक्या होत्याच, आणि ते रोज येत होते. टकर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या प्रत्येक वर्षी वाळवंटाची हिरवळीवरून ठरणारी दक्षिण सीमा आखली आणि १९९१ साली ‘सायन्स’मध्ये छापली. सीमा १९८४ पर्यंत दक्षिणेला सरकली आणि पुढच्याच वर्षी पाऊस बरा होताच पुष्कळ उत्तरेला परतली. ती पावसाबरोबर पुढेमागे झुलत होती. नंतरच्या वर्षांत तर साहेलचा बराच भाग पुन्हा हिरवा होत गेल्याचं दिसलं.

म्हणून पावसाचा वाटा आधी वजा करावा लागतो. त्याची रीत अशी: प्रत्येक चौकोनासाठी वीस-पंचवीस वर्षांचा पाऊस आणि त्या-त्या वर्षीचं गवत यांचं नातं काढायचं. अमुक मिलिमीटर पावसाला इथे एरवी अमुक एवढं टेकाड येतं. मग दरवर्षी अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी आलं, एवढंच बाजूला काढायचं आणि त्या उरलेल्या आकड्यांत कल दिसतो का ते पाहायचं. पाऊस तेवढाच असून गवत वर्षागणिक कमी भरत असेल तर पावसावर खापर फोडता येणार नाही. चराई वाढली असेल, माती वाहून गेली असेल, कोणी नांगर घातला असेल. आपल्याकडे ही वजाबाकी करणं जरा जिकिरीचं आहे, कारण हवामान विभागाचा पावसाचा जाळीदार संच पाव अंशाच्या चौकोनांचा, म्हणजे सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा. एका शिवारात पडून शेजारच्या शिवाराला हुलकावणी देणारा पाऊस त्यात मावत नाही. त्याला एक देशी उपाय आहे. वनविभागाने राखलेलं कुरण आणि कुंपणाला लागून असलेलं गायरान यांचे आलेख शेजारी ठेवायचे. दोघांवर पाऊस तोच, मुरूम तोच. दोन टेकाडांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बहुतांशी शेळ्यामेंढ्यांचा.

यंत्रांची स्वतःची दुखणीही असतात, तीही वजा करावी लागतात. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरळ्याने वरचं वातावरण गढूळ झालं आणि जगभरच्या हिरवळीच्या नोंदी बिघडल्या. जुने हवामान-उपग्रह वर्षागणिक उशिरा येऊ लागत. सूर्य कललेला, सावल्या लांब, आकडे वेगळे. टेरा उपग्रहावरचं मोडिस उपकरण म्हातारं होत गेलं तशी त्याची संवेदकं मंद झाली आणि काही काळ त्याच्या नोंदीत जगाची हिरवळ खरी होती त्यापेक्षा अधिक घटताना दिसली. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. म्हणून एखाद्या बातमीत ‘उपग्रहाने दाखवलं’ असं आलं की कोणता उपग्रह आणि नोंदीची कोणती आवृत्ती, एवढं विचारायला हरकत नाही.

आता पाऊस वजा केला, यंत्राची चूक वजा केली, आणि तरीही हिरवळीचा कल चढाच निघाला. आनंद मानायचा का? इथे माळरानाचं उत्तर जंगलापेक्षा वेगळं आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की वनस्पतींना दोन प्रकारे फायदा होतो. प्रकाशसंश्लेषण वाढतं, आणि पानांवरची छिद्रं कमी उघडावी लागल्याने पाणी वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या रँडल डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की १९८२ ते २०१० या काळात जगातल्या उष्ण कोरड्या प्रदेशांत पावसाचा परिणाम काढून टाकल्यावरही पानांचं आच्छादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढलं होतं. पण हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. आपल्या माळांवरची बहुतेक गवतं सी-४ प्रकारची, म्हणजे पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरण्याची सोय त्यांनी आधीच केलेली आहे. बाहेर तो वाढला तरी त्यांना फारसं जास्त काही मिळत नाही. झुडपं आणि झाडं सी-३ प्रकारची, त्यांना ही मेजवानीच. शिवाय जमिनीत वाचलेलं पाणी खाली झिरपतं आणि ते लांब मुळांच्या हाती लागतं. म्हणजे हवा जसजशी बदलेल तसतसा गवत आणि झुडूप यांच्यातला तराजू झुडपाकडे झुकतो. त्यात माणसाने हातभार लावला की काय होतं ते कच्छच्या बन्नी कुरणात दिसतं. तिथे वेडी बाभूळ १९६०च्या दशकात लावली गेली आणि तिने गवताचा मोठा भाग गिळला. वार्षिक सरासरीच्या नकाशात बन्नीतला हा बदल हिरवाच दिसणार.

गवत आणि झुडूप वेगळं करायला पुन्हा आलेखाचा आकारच कामी येतो. फेब्रुवारीतला तळ वर्षागणिक वर सरकत असेल तर तिथे बारमाही हिरवं काहीतरी वाढतंय. सप्टेंबरचं शिखर आणि फेब्रुवारीचा तळ यांच्यातलं अंतर कमी होत असेल तर गवत मागे हटतंय. चिंकारा, लांडगा, माळढोक यांच्या दृष्टीने ही वाईट बातमी, मेंढपाळाच्या दृष्टीने तर आहेच. भारताची हिरवळ वाढल्याची बातमी २०१९ साली बरीच गाजली होती. ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मधल्या त्या अभ्यासातच नोंद आहे, की भारतातल्या वाढीपैकी ८२ टक्के शेतीतून आली होती. विहिरी, कालवे आणि दुबार पिकं. तिच्यात माळ नांगरून झालेलं शेतही धरलं जातं.

या गैरसमजाचं मूळ जुनं आहे. महसुली आणि सरकारी नकाशांत माळ पडीक म्हणून नोंदला गेला, आणि पडीक म्हटलं की त्यावर झाडं लावणं, सौर पट्ट्या उभारणं, औद्योगिक वसाहत आणणं हे सगळं पुण्याचं काम ठरतं. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ साली लँडसॅटच्या चित्रांवरून देशातल्या कोरड्या मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा त्या देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर निघाल्या. माळ म्हणजे तुटून गेलेलं जंगल, हा समजही उपग्रहाच्या पन्नास वर्षांच्या आठवणीने खोडता येत नाही. ते काम आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयावरून केलं. तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत आणि कथागीतांत येणारी झाडं, गवतं आणि कुरणं धुंडाळून त्यांनी दाखवलं, की हे मोकळे माळ किमान साडेसातशे वर्षांपासून मोकळेच आहेत. उपग्रहाची नोंदवही जिथे संपते तिथे ‘लीळाचरित्र’ कामी यावं, हे मला फार आवडलं.

राहिला वाळलेल्या गवताचा प्रश्न. त्याचं उत्तर मिळतं ते आणखी पलीकडच्या लघुतरंग अवरक्तात. वाळल्या काडीतलं सेल्युलोज २.१ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, मुरूम तसं करत नाही. हा बारीक खड्डा टिपायला रंगाचे शेकडो पट्टे वेगवेगळे मोजणारी उपकरणं लागतात. जर्मनीचा २०२२ साली गेलेला एनमॅप त्यांपैकी एक. पण ती रोजच्या रोज सगळीकडे पाहत नाहीत. त्यामुळे विळा आणि वजनकाटा अजून सुटलेला नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट माळावर ठेवायची, आतलं गवत मुळालगत कापायचं, कागदी पिशवीत भरून पिशवीवर तारीख आणि जागा लिहायची, भट्टीत दोन दिवस वाळवायचं आणि वजन करायचं. ओलं वजन उपयोगाचं नाही, सकाळच्या दवानेही ते बदलतं. चौकट कुठे ठेवायची हे डोळ्यांनी निवडायचं नाही, कारण डोळा आपोआप दाट झुबक्याकडे जातो आणि कुसळं टोचतील अशी जागा टाळतो. एका गुंठ्याच्या चौकोनात अशा तीन-चार चौकटी कापल्या तर त्या गुंठ्याच्या आकड्याला किलोमध्ये काही अर्थ येतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते ज्या अभ्यासात नाही त्या अभ्यासाच्या नकाशावर माझा विश्वास निम्मा बसतो.

या आकड्यांवर पैसेही हलतात. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पिकांची आणि वनस्पतींची स्थिती ठरवायला उपग्रहाचा एनडीव्हीआय आणि त्यावरून काढलेला स्थिती निर्देशांक धरला जातो. या वर्षीचा आकडा त्या जागेच्या आजवरच्या नीचांक आणि उच्चांक यांच्यात कुठे बसतो, ते टक्क्यांत. केनियातल्या मार्साबिट भागात २०१० पासून पशुपालकांसाठी विमा निघाला, ज्यात कोणाचं जनावर मेलं ते बघायला कोणी जात नाही. त्या भागाची हिरवळ ठरलेल्या पातळीखाली गेली की पैसे दिले जातात. २०११च्या दुष्काळात पहिली भरपाई वाटली गेली. यातला धोका वाचकाच्या लक्षात आला असेल. झुडपं हिरवी राहिली आणि खाली गवत उरलं नाही, तर उपग्रहाच्या मते सगळं ठीक आहे.

आपल्या गावचा माळ बघायचा असेल तर युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ब्राउझर मोफत आहे, नकाशावर गाव शोधायचं आणि एनडीव्हीआयचा थर निवडायचा. सप्टेंबरअखेरचं एक ढगविरहित चित्र आणि फेब्रुवारीतलं एक, अशी जोडी घ्यायची, आणि तीच जोडी २०१७ची आणि गेल्या वर्षीची. सप्टेंबरची चित्रं फार वेळ बघू नयेत, ती छान दिसतात पण कमी सांगतात. फेब्रुवारीच्या दोन चित्रांत जिथे पूर्वी भुरकं होतं आणि आता हिरवं आहे, तेवढे चौकोन टिपून घ्यायचे आणि मग तिथे जाऊन पाहायचं, की ते बोअर पडलेलं शेत आहे, लागवड आहे, की आपोआप आलेलं झुडूप.